कड्यावरचा माळा

फिटर हे काही त्याचं पाळण्यातलं नाव नव्हे, पण आता खरं नाव आठवायला त्याच्या बायकोलाही क्षणभर थांबावं लागतं. उभी हयात यंत्रशाळेत गेली. निवृत्त होऊन जमाना झाला, तरी हाताच्या रेषांतलं काळं ग्रीस गेलं नाही. आणि हे हात साधेसुधे नव्हेत, त्या मोठ्या कड्यावर पहिल्यांदा चढलेले हात आहेत, हे तो भेटेल त्याला ऐकवायचा. ऐकणाऱ्याने आधी ऐकलेलं असलं तरी त्याची ना नसे.

त्या काळी कडा चढायचा म्हणजे लोकांच्या लेखी डोकं फिरल्याचं लक्षण. सामान मिळत नव्हतं. दोर सरळ कमरेलाच गुंडाळायचा, घसरलं की बरगड्या बोंबलायच्या. फटीत ठोकायचे पिटॉन कुठून आणणार? फिटर त्यांना खिळेच म्हणायचा आणि भंगारातल्या लॉरीच्या स्प्रिंगच्या पाट्यांपासून स्वतः घडवायचा. मालकाची नजर चुकवून, जेवणाच्या सुट्टीत. खिळा चांगला बसला की प्रत्येक घावाला त्याचा आवाज वर चढत जातो, आणि पोकळ जागी बसला की भद्द वाजतो, हे त्याने नंतरच्या सगळ्या पोरांना शिकवलं.

त्याचा जोडीदार होता मास्तर. शाळेत भूमिती शिकवायचा. बारीक अंगाचा, कमी बोलणारा, गाठ दोनदा तपासणारा. दोघं कड्याच्या मध्यावर पोचले तेव्हा अंधारायला आलं होतं आणि नशिबाने तिथे दगडाची एक लांबट फळी सापडली, दोन माणसं पाय पसरून झोपतील एवढी. फिटरने तिचं नाव ठेवलं माळा. तिच्या मागच्या फटीत दोन खिळे ठोकले, स्वतःला बांधलं आणि तो आडवा झाला. मास्तर मात्र माळ्यावर झोपला नाही. बाजूच्या उघड्या कड्याला दोराने लटकून त्याने रात्र काढली. दुसऱ्या दिवशी दोघं माथ्यावर पोचले, हारतुरे झाले, पेपरात फोटो आला. मास्तर त्यानंतर पुन्हा कधी चढला नाही.

आता अशी गोष्ट हाती लागल्यावर फिटर सोडतो होय? गिर्यारोहकांच्या क्लबच्या दर वर्षीच्या मेळाव्यात ती मीठमसाला लावून सांगितली जायची. मास्तर म्हणे अंधारात कापत होता. "माळा हलतोय," म्हणाला. फिटर म्हणाला, "माळा नाही हलत, तू हलतोयस." मग फिटर आवाज बारीक करून, मान थरथरवत मास्तरची नक्कल करायचा, "मी गंमत करत नाहीये रे!" हॉल हसून लोळायचा. कुणी कशाला बिचकला की क्लबात म्हणत, याला मास्तर चावला. आणि मास्तर? तो दर वर्षी यायचा, दुसऱ्या रांगेत कडेच्या खुर्चीवर बसायचा आणि मूग गिळून बसायचा. फिटरला वाटायचं, काय दिलदार माणूस आहे.

यंदाच्या मेळाव्याला विशेष कारण होतं. फिटरची मुलगी आपल्या मैत्रिणीबरोबर तोच कडा त्याच वाटेने चढत होती. घरात सगळे तिला चिमी म्हणतात, बाहेर ती फिजिओथेरपिस्ट, लोकांचे दुखरे गुडघे हलवून देते. फिटर तिला लहानपणी झोपताना माळ्याचीच गोष्ट सांगायचा, त्यामुळे तिचाही हट्ट होता की रात्र काढायची ती बाबांच्या माळ्यावरच. बेत असा ठरला होता की संध्याकाळी माळ्यावर पोचली की ती फोन चालू करेल आणि तिचा आवाज हॉलभर ऐकवायचा. तोवर बॅटरी वाचवायला फोन बंद.

शाळेच्या हॉलमध्ये लोखंडी खुर्च्या मांडल्या होत्या. खिडक्यांतून उन्हाची तिरीप येत होती, म्हणून चिटणीसाने पडदे ओढायला लावले. चिटणीस हौशी माणूस. त्याने सकाळी कड्यापाशी जाऊन ड्रोन उडवला होता आणि धावतपळत ती फिल्म आणली होती. पडद्यावर कडा आला. खाली दोन ठिपके, एक लाल, एक निळा. लाल ती आपली चिमी, असं फिटरने शेजारच्याला दोनदा सांगितलं. मग ड्रोन वर गेला, माळ्यासमोर थांबला. टाळ्या पडल्या. फिटरने नवऱ्यामुलासारखी मान तुकवली.

आणि मग ड्रोन बाजूला सरकला.

इतक्या वर्षांत माळा कुणी लांबून, बाजूने पाहिलाच नव्हता. पाहणार कसा? चढणारा खालून येतो, वर उभा राहतो आणि पुढे जातो. पडद्यावर आता दिसत होतं की माळा हा कड्याचा भागच नव्हता. ती एक प्रचंड शिळा होती, कड्याला नुसती टेकून उभी, खाली एका टोकावर तोललेली. तिच्या आणि कड्याच्या मधून पलीकडचं आभाळ दिसत होतं. जवळजवळ अख्ख्या उंचीभर निळी रेघ.

हॉलमध्ये कुणी "वा, काय दृश्य आहे," म्हणालं. फिटर खुर्चीच्या कडेवर सरकला.

कारण त्याला एकदम ते खिळे आठवले. पहिला खिळा त्याने ठोकला तेव्हा चांगला वाजला होता. दुसरा ठोकला आणि पहिला हाताने हलवला तर सैल. त्याला वाटलं, आपलं पोलाद मऊ राहिलं, पाणी नीट दिलं गेलं नाही. त्याने पहिला पुन्हा ठोकला, तर दुसरा ढिला. ज्या माणसाने आयुष्यभर पाचरी ठोकून यंत्रं सरळ केली, त्याला हे कळू नये? खिळा सैल होत नव्हता, फट उघडत होती. आणि त्याने त्यावर इलाज काय काढला, तर पुढच्या वर्षी जाडे खिळे घडवून सगळ्यांना वाटले. माळ्यावर जाल तर जाडाच ठोका, पातळ टिकत नाही. पोरांनी इमानाने ठोकले. दर मोसमात एक पाचर, दर मोसमात थोडी आणखी फट. दगड कड्यापासून सोडवायचं काम त्याने शिष्यांकडून पद्धतशीर करून घेतलं होतं.

तो उठून दाराशी गेला आणि चिमीचा नंबर लावला. बंद. पुन्हा लावला, बंद. बायको लांबून खुणेने विचारत होती, काय झालं. त्याने मान हलवली. कड्यापाशी माणूस धाडावा तर तो पोचेपर्यंत रात्र होणार. चिटणीसाला सांगावं म्हणून तो वळला, तेवढ्यात व्यासपीठावरचा फोन वाजला आणि चिटणीसाने तो माईकला लावला.

"पोचलो!" चिमीचा आवाज हॉलभर घुमला. मागे वाऱ्याचा सूंसूं आवाज. "बाबा, तुमच्या माळ्यावर बसलेय. बूट काढलेत. काय ऐसपैस आहे हो!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. फिटर खुर्च्यांमधून वाट काढत व्यासपीठावर चढला. त्याने माईक हातात घेतला.

"चिमी, तिथून उठ. माळा सुटलाय. तो कड्याला धरून नाहीये."

हॉल हसला. वर चिमीही हसली. "बाबा, तुम्हालाही मास्तरकाका चावले का?"

"अगं, ऐक. मी गंमत करत नाहीये."

झालं. हसण्याचा असा लोट उठला की पुढचं काही ऐकूच येईना. तेच वाक्य, तोच बारीक झालेला आवाज, तीच थरथरती मान. लोकांना वाटलं, म्हातारा यंदा काय रंगात आलाय. चिटणीस डोळे पुसत होता. फिटर माईक धरून उभा राहिला. त्याची लेक त्या दगडावर अनवाणी बसून हसत होती आणि तिला हसायला त्यानेच शिकवलं होतं. खरं बोलायला त्याच्याकडे दुसरे शब्द उरले नव्हते. त्याला रडू फुटलं, तेही लोकांना आधी नक्कलच वाटली.

दुसऱ्या रांगेतून मास्तर उठला. हळू चालत व्यासपीठापाशी आला, फिटरच्या हातून माईक घेतला. हसू आपोआप विरलं, कारण मास्तरला मेळाव्यात कुणी कधी बोलताना ऐकलंच नव्हतं.

"चिमी, मी मास्तरकाका. दोर कुठे बांधलाय?"

"मागच्या फटीत, काका. चार ठिकाणी."

"बरं. आता एक तळवा कड्यावर ठेव, दुसरा माळ्यावर. आणि मैत्रिणीला सांग, माळ्यावर मुठीने एकदा ठोकायचं. जोरात नको."

वरून दगडावर मूठ आपटल्याचा बारीक आवाज आला. मग चिमी बोलली, तेव्हा तिच्या आवाजातलं हसू पार गेलं होतं.

"माळ्यात हादरा लागतोय, काका. कड्यात काहीच नाही."

"उभी राहू नकोस. दोघींनी बसल्या बसल्याच उजवीकडे सरका. डोक्याच्या वर काळा पट्टा दिसेल, त्याच्या शेजारी एक आडवी फट आहे. ती खऱ्या कड्यातली. आधी तिथे बांधा, मग मागचं सोडा."

लोखंड लोखंडावर वाजल्याचे आवाज आले. मैत्रीण काहीतरी पुटपुटली. एकदा बारीक खडे ओघळल्यासारखं वाजलं आणि फिटरच्या बायकोने तोंडावर पदर धरला. फिटर व्यासपीठाच्या कडेला बसून लाकडी फळीकडे बघत होता.

"बांधलं, काका," चिमी म्हणाली. तिला धाप लागली होती. "दोघी लटकलोय. माळ्यावर कुणी नाही आता. इथे जुने खिळे आहेत, गंजलेले. दोन. शेजारी शेजारी."

"हो, असतील. त्यांना हात लावू नका. सकाळी दोर टाकून खाली उतरा," मास्तर म्हणाला आणि माईक चिटणीसाकडे दिला.

फिटरने मान वर केली. ते खिळे त्यानेच घडवले होते, निघताना मोजून मास्तरच्या पिशवीत घातले होते. पण लटकायला मास्तरला एकच पुरला असता. मास्तर काय, एवढासा माणूस.

"दोन कशाला ठोकलेस?" त्याने विचारलं.

मास्तर त्याच्या शेजारी फळीवर बसला. "दुसऱ्याला तू होतास. तुला झोप लागल्यावर तुझ्या कमरेला माझा दोर बांधला. रात्रभर धरून बसलो, उजाडायच्या आत सोडला."

"मग बोलला का नाहीस कधी?"

"काय बोलणार? तू त्यावरही हसला असतास," मास्तर म्हणाला.