खकाणा

किशोरीने मीठ-मोहरी आणि सुक्या मिरच्यांची मूठ सावनीवरून तीनदा उतरवली आणि गॅसवरच्या तापल्या तव्यात टाकली. मिरच्या तडतडल्या आणि घरभर खकाणा उठला.

डब्लिनहून आल्यापासून पोरगी आखातातल्या बौशरच्या या फ्लॅटबाहेर पडली नव्हती. तिथे बसस्टॉपवर काही पोरांनी ढकललं, ‘आपल्या देशात जा’ म्हणाले, एवढंच तिने सांगितलं होतं. एकदाच झालं ना, मग? किशोरीचं डोकंच चालेना. शिकायला गेलेली धडधाकट मुलगी अशी भेदरते म्हणजे कुणाची तरी नजरच लागली असणार. रविवारी तिचं परतीचं विमान होतं. दूर वाळवंटातल्या दुक्मच्या प्रोजेक्टवरून तिच्या बाबांचं, उल्हासचं, रोज फोनवर एकच चालू होतं, की असं घाबरून कसं चालेल, पाठव तिला.

ठसका लागलेली सावनी उठून धावत सुटली. तिने आधी स्वयंपाकघराची खिडकी लावली, मग हॉलची. दाराखालच्या फटीत ती टॉवेल कोंबायला लागली.

“अगं, इथे सगळ्यांच्याच घरी फोडण्या होतात,” किशोरी हसत म्हणाली. “कोण काय बोलतंय तुला?”

तेवढ्यात बेल वाजली. सावनी बाथरूममध्ये शिरली आणि तिने आतून कडी लावली.

दारात शेजारची आमिना खोकत उभी होती. काय जळलं, सगळं ठीक आहे ना, तिने मोडक्या हिंदीत विचारलं. किशोरीने दृष्टीचं सांगितल्यावर ती हसली. आमच्याकडे लोबान जाळतात, म्हणाली.

बोलणं चालू असतानाच आतून सावनीचा आवाज आला. इंग्रजीत, अगदी गोड, समजुतीचा.

“सॉरी. माझीच चूक झाली. खिडक्या लावल्यात. परत असा वास नाही येणार. प्लीज, सॉरी.”

जरा थांबून पुन्हा तेच. एक शब्द इकडचा तिकडे नाही. किशोरीने वळून बाथरूमच्या दाराकडे पाहिलं. एकदाच ढकललं गेलेल्या मुलीला हे असं पाठ नसतं.

आमिनाचं हसू मावळलं. तिने हळूच विचारलं, रविवारी जाणार ना सावनी, सोबत खजूर द्यायचेत.

“नाही,” किशोरी आत ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाली. “आता नाही जात ती.”

उल्हासला काय सांगायचं, ते तिला ठाऊक नव्हतं.

आतलं सॉरी थांबलं. कडी मात्र निघाली नाही.