पद्मिनीची हौस

चूक माझी होती, हे आधीच सांगून टाकतो. मी नाही सांगितलं तर पद्मिनी सांगेल, आणि ती तिखटमीठ लावून सांगते. मसाल्याचा धंदाच आहे तिचा.

'धंदा' हा शब्द आज मी सहज लिहिला. पूर्वी जिभेवर यायचा नाही. आमच्या घरात तीन पिढ्यांची रेल्वेची नोकरी. आजोबा वर्ध्याहून रायपूरला आले, वडील पार्सल ऑफिसात होते आणि मी चौतीस वर्षं कारकुनी केली. आमच्यात मुलीला स्थळ बघताना पहिला प्रश्न "नोकरी सरकारी आहे ना?" हाच. दुकानदार कितीही कमावता असो, त्याच्याबद्दल "बिचारा दुकान चालवतो" असंच बोलायचं. अशा घरात माझ्या बायकोनं तात्यापारा मोहल्ल्यातल्या आमच्या घराच्या पुढच्या खोलीत काळा मसाला, मेतकूट, भाजणी आणि कुरडया विकायला काढल्या. बावीस वर्षं विकल्या. नातेवाइकांनी विचारलं की मी म्हणायचो, "दुकान कसलं घेऊन बसलात! हिची हौस आहे."

हौस अशी की सकाळी सहाला धणे भाजायला सुरुवात, आणि रात्री जेवताना माझ्या ताटातही खोबऱ्याचा कीस. घरावर स्लॅब टाकला तो कोणाच्या कमाईतून, हे मला पक्कं ठाऊक होतं. तोंडानं कबूल करायचं तेवढं राहिलं होतं.

छत्तीसगढ वेगळं राज्य होऊन तीन वर्षं झाली होती. रायपूर राजधानी झालं आणि सगळ्या रस्त्यांना एकदम आपण अरुंद असल्याचा साक्षात्कार झाला. आमचा रस्ताही रुंद होणार, समोरून आठ फूट जाणार, असं ठरलं. एका दुपारी निगमचा, म्हणजे महापालिकेचा, माणूस टेप आणि रजिस्टर घेऊन दारात आला. देवांगन त्याचं नाव. पद्मिनी तेव्हा चौबे कॉलोनीत डोहाळजेवणाचे अनारसे पोचवायला गेली होती. मी नुकताच रिटायर झालेला, बनियनवर पेपर वाचत बसलो होतो.

"बाबूजी, ये आगे का कमरा दुकान है के मकान?"

"मकान," मी म्हणालो. "दुकान-वुकान कुछ नहीं जी. हमारी मिसेस को शौक है, थोड़ा-बहुत बना लेती हैं."

देवांगननं खोलीत पाहिलं. तराजू होता, डबे होते, आणि मिरचीच्या वासानं तो दोनदा शिंकलाही. "पक्का? मकान ही लिख दूँ?"

"हव, लिखो," मी ऐटीत म्हणालो. त्याला चहा पाजला आणि रजिस्टरवर माझी ती रेल्वेतली वळणदार सही ठोकली. काय झाक सही! चौतीस वर्षांत एका कागदावरची सही मला कधी मागं घ्यावी लागली नव्हती.

दोन महिन्यांनी झोन ऑफिसच्या भिंतीवर यादी लागली. ज्यांची दुकानं रस्त्यात जात होती, त्यांना निगम मदत देणार होतं: हातात काही रक्कम आणि समता कॉलोनीजवळच्या नव्या ओळीत एकेक गाळा. आमची देवश्री कॉलेजातून येताना यादी पाहून आली. ही पोट्टी मराठी सगळं समजते, पण बोलते हिंदीत.

"बाबा, लिस्ट में सबका नाम है. टेलर का है, चूड़ीवाले का है, नीम के नीचे पंक्चर बनाने वाले का भी है. बस मम्मी का नहीं है."

पद्मिनी धणे भाजत होती. तिनं गॅस बंद केला.

"तो मोजमापवाला आला होता तवा घरी तुम्हीच होते नं? काय सांगितलं त्याले?"

मी सांगितलं. जसं बोललो होतो तसंच सांगितलं, खोटं बोलायचा धीर झाला नाही. मला वाटलं आता भांडी आपटतील, शेजारपाजार गोळा होईल. मी तयारीत होतो. पण ती नुसतं "बरं" म्हणाली आणि आत गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुढच्या खोलीचं दार उघडलं नाही. आठ वाजले, नऊ वाजले. बाहेरून कोणीतरी "काकी, ओ काकी" म्हणून हाक मारून गेलं. मी विचारलं, "पद्मिनी, दुकान बंद काहून ठेवलं?"

"कोणतं दुकान?" ती पालक निवडत म्हणाली. "हौस होती नं मले. फिटली."

लग्नाला तीस वर्षं झाली होती, पण असं मला तिनं कधी बोलून दाखवलं नव्हतं. मला फार लाज वाटली. घरात मिरचीचा वास नव्हता, कोणी शिंकत नव्हतं, आणि मला तिथं बसवेना. हरकत घ्यायला आठ दिवसांची मुदत होती. मी शर्ट चढवला आणि झोन ऑफिस गाठलं.

देवांगननं मला लगेच ओळखलं. त्यानं रजिस्टर उघडून माझीच सही माझ्यासमोर धरली. "बाबूजी, आपने ही तो लिखवाया है. मैंने दो बार पूछा था."

"पूछा था," मी म्हणालो. "गलती मेरी है."

माणूस भला निघाला. म्हणाला, आधीचं सांगणं चूक होतं असं लिहून द्या, पाच जुन्या गिऱ्हाइकांच्या सह्या आणा, मग मी स्वतः येऊन जागा बघतो. दुकान चालू दिसलं पाहिजे, एवढीच अट. मी तिथंच बाकावर बसून अर्ज लिहिला. 'मेरा पूर्व कथन असत्य था' ही ओळ लिहायला पाऊण तास लागला. आयुष्यभर दुसऱ्यांच्या अर्जांत चुका काढल्या, त्याचं उट्टं त्या एका ओळीनं काढलं.

मग निघालो सह्यांना. पाच सह्यांचं काम काय, तासाभराचं, असं वाटलं होतं. पण चौबे कॉलोनीतल्या पहिल्याच घरानं मला खुर्चीत बसवून ठेवलं. तिथल्या म्हाताऱ्या छत्तीसगढी आजी टायफॉइडमधून उठल्या तेव्हा महिनाभर त्यांना मेतकूट-भाताशिवाय काही पचत नव्हतं. मेतकूट आमच्याकडचं. पद्मिनी ते स्वतः आणून द्यायची आणि आजींना भरवूनही जायची. मला यातलं काडीइतकं माहीत नव्हतं. पुढच्या घरातल्या मंजिरीचं लग्न ठरलं तेव्हा रुखवताचं सगळं पद्मिनीनं करून दिलं होतं. समता कॉलोनीतल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "काकी का मसाला मेरे बेटे के साथ अमेरिका जाता है, हर साल. आप काकी के कौन हैं?"

"मिस्टर हूँ," मी म्हणालो.

"अच्छा! कभी देखा नहीं आपको."

ज्या दुकानातून त्या मसाला न्यायच्या, तिथंच मी रोज पेपर वाचत बसायचो. गिऱ्हाईक आलं की उठून आत जायचो.

पाच सह्या मागायला गेलो होतो, संध्याकाळपर्यंत सत्तेचाळीस झाल्या. कागद पुरला नाही, तर एका घरातून वहीचं पान मागून घेतलं. पाय दुखत होते, आणि खरं सांगू का, छाती फुगली होती. बायकोच्या कर्तबगारीवर इतका उशिरा फुगणारा नवरा रायपुरात दुसरा नसेल.

घरी येऊन तो गठ्ठा पद्मिनीपुढं ठेवला. तिनं चष्मा लावून एकेक नाव वाचलं. काही नावांवर ती थोडी हसली.

"उद्या अकरा वाजता देवांगन येऊन राहिला," मी म्हणालो. "दुकान उघडं पायजे. पद्मिनी, मी चुकलो."

"काय चुकलं?"

"दुकान आहे म्हणून सांगायले पायजे होतं."

"कोणाचं दुकान?"

"तुझं."

"हे बावीस वर्षांत एकदा बोलले असते, तर एवढी पायपीट पडली असती का?" असं म्हणत तिनं कमरेची दुकानाची किल्ली काढून समोर ठेवली आणि पाणी प्यायला उठली. जाताना मला म्हणाली, "पाय शेकायले गरम पाणी देऊ का?"

दुसऱ्या दिवशी सकाळी सहाला धण्यांचा वास आला. मी अंथरुणात पडून तो पोटभर घेतला. देवांगन अकराला आला तेव्हा खोलीत चार बायका उभ्या होत्या. त्यानं डबे पाहिले, तराजू पाहिला, शिंकला आणि म्हणाला, "काकी, पाव भर काला मसाला दे दो, घर ले जाऊँगा."

पद्मिनीनं तोलून दिलं. देवांगननं खिशात हात घातला, तसा मी पुढं झालो. "अरे, रहने दो भैया, आपसे क्या पैसे," हे शब्द माझ्या ओठांवर आले होते. आमच्यात दारात आलेल्या साहेबाकडून पैसे घेत नाहीत. पद्मिनीनं माझ्याकडं अशी नजर टाकली, की मी ते शब्द चहासारखे गिळले. तिनं पैसे घेतले, उरलेले मोजून परत दिले आणि विचारलं, "थैली लाए हो, कि पुड़िया में बाँध दूँ?"

देवांगननं रजिस्टर उघडलं, 'मकान' हा शब्द खोडला आणि वर 'दुकान' लिहिलं. मालकाच्या रकान्यापाशी थांबून त्यानं माझ्याकडं पाहिलं. मी पद्मिनीकडं बोट केलं. सही तिनं केली, सावकाश, एकेक अक्षर जोडून. माझ्या सहीपेक्षा साधी होती, पण वाचता येत होती.

गाळा मिळायला वर्ष गेलं, पण मिळाला. मदतीच्या रकमेतून तिनं मसाला कांडायचं यंत्र घेतलं. माझा सल्ला फ्रिज घेण्याचा होता, तो कोणी ऐकला नाही. पुढची खोली रस्त्यात गेली. तात्यापाऱ्यातल्या घराला आता थेट मागच्या खोलीतून दार आहे, आणि उजेड पूर्वीपेक्षा जास्त येतो.

दुपारी जेवण झालं की मी समता कॉलोनीला येऊन गाळ्यात बसतो. पेपर आणतो, पण गिऱ्हाईक आलं की उठून आत जात नाही. परवा एक नवा माणूस आला. वर पद्मिनीच्या नावाची पाटी असूनही त्यानं मलाच विचारलं, "मालिक आप ही हैं?"

"नहीं जी," मी म्हणालो. "मालकिन अंदर हैं. मेरा तो बस शौक है."

आत यंत्र थांबलं. मग पद्मिनी म्हणाली, "हौसच आहे नं, मंग मिरच्यांचं पोतं उचला. रिक्षावाला बाहेर ठेवून गेला."

मी उठून पोतं उचललं.