साडूच्या मापाचा कोट

परक्याचं भलं माणसाला पाहवतं, शेजाऱ्याचंही एखाद वेळी पाहवतं. पण साडूचं? छे! एकाच घरच्या दोन मुली केलेली माणसं, त्यांची तुलना जन्मभर चुकत नाही.

वीजबिलांच्या ऑफिसातल्या हेडक्लार्कांचं असंच झालं होतं. धाकट्या साडूला तिथं चिकटवलं त्यांनीच. त्याचं टेबलही आपल्या समोर लावून घेतलं, म्हणजे केलेले उपकार रोज नजरेसमोर राहतील. आणि आता तोच पठ्ठ्या नोकरी सोडून शिंपी व्हायला निघाला होता.

बरं, वेडाच्या भरात निघाला असता तर हेडक्लार्कांनी त्याला मनसोक्त उपदेश केला असता, आणि आपटल्यावर समजूत घालायलाही गेले असते. पण गडी अंथरूण पाहून पाय पसरणारा. ऑफिस सुटलं की एका शिंपीमास्तरांच्या दुकानात फुकट राबायचा. आधी काजं, मग अस्तर, मग बाह्या. घरातल्या जुन्या चादरी बेतून बेतून संपल्या. बायकोशी बसून वर्षभराच्या घरखर्चाची तजवीजही करून झाली. राजीनामा मात्र अजून दिला नव्हता. मास्तरांनी कटर म्हणून ठेवून घेतलं तरच द्यायचा, नाहीतर मुकाट्यानं पुन्हा बिलं. मास्तरांनी परीक्षा ठेवली होती: एका माणसाचा कोट, मापापासून शेवटच्या बटणापर्यंत एकट्यानं शिवायचा.

"भाऊ, त्यासाठी तुम्हीच हवे," धाकटा म्हणाला. "दुसरं कोणी चालायचं नाही."

"माझ्या बहिणीच्या संसाराचा प्रश्न आहे," हेडक्लार्कांच्या बायकोनं बजावलं. "नीट उभे राहा म्हणजे झालं."

"उभंच तर राहायचंय," हेडक्लार्क म्हणाले, आणि आत नुसते जळत राहिले.

खरं सांगायचं तर बिलांचा वीट त्यांनाही आला होता. पण कंटाळ्याला जोडीदार असला की तो सोसवतो. समोरचं टेबल रिकामं झालं, की आपण मागे राहिलो हे रोज दिसणार, याची त्यांना धास्ती होती. तो सुटणार आणि आपण कुजणार! त्यांनी मनातल्या मनात स्पष्ट म्हणून घेतलं, याच्या जिवाला काही होऊ नये, मुलंबाळं सुखात राहावीत, पण हा नापास व्हावा.

म्हणून मापाच्या दिवशी त्यांनी पोट असं आत ओढलं की ते पाठीला लागायचं बाकी राहिलं. डावा खांदा पाडला, छाती फुगवली. कोपऱ्यातून मास्तर चष्म्यावरून बघत होते. धाकट्यानं निमूट टेप फिरवला. मग गळ्याचं माप घेता घेता सहज म्हणाला, "भाऊ, बढतीच्या वेळी साहेबांनी या खेपेसही आपल्या मेहुण्याचंच घोडं पुढे दामटलं म्हणे?"

झालं! हेडक्लार्कांच्या तोंडाचा पट्टा सुटला. साहेबांच्या सात पिढ्यांचा उद्धार होईपर्यंत टेप अंगावरून फिरतच होता. घरी जाताना मात्र ते खुशीत होते. पहिली सगळी मापं चुकीची गेली होती.

परीक्षेच्या दिवशी ते भरपेट जेवून दुकानात गेले. इस्त्रीच्या वाफेनं आरसा धुरकटला होता, तो मास्तरांनी फडक्यानं पुसला. धाकट्यानं कोट पुढे धरला. झटकलेलीच कॉलर तो पुन्हा पुन्हा झटकत होता, आणि ते पाहून हेडक्लार्कांना बरं वाटलं. पोट सैल सोडून त्यांनी कोट चढवला.

बटणं लागली. ओढ नाही, चुणी नाही. त्यांनी पोट आणखी पुढे काढलं, कोटानं काही तक्रार केली नाही. मास्तरांनी हात वर करायला लावले, स्टुलावर बसवलं, पाठीमागून खांदे चाचपले.

"राजीनामा टाक," मास्तर धाकट्याला म्हणाले. "उद्यापासून कात्री तुझी."

धाकट्यानं वाकून मास्तरांच्या पायांना हात लावला. मास्तर हेडक्लार्कांकडे वळले. "तुम्हाला सांगतो, माझी अटच होती, साळसूद गिऱ्हाईक आणायचं नाही. ओळखीतला सगळ्यात आडमुठा माणूस आण, म्हटलं. याला एवढा तयारीचा कुठं सापडणार, अशी मला शंकाच होती."

हेडक्लार्कांचे कान तापले. कोट काढून फेकावा असं वाटलं, पण तो अंगावर इतका बेतशीर बसला होता की आरशातून नजर निघेना. त्याचाही त्यांना रागच आला.

धाकटा त्यांना पोचवायला दुकानाच्या पायरीपर्यंत आला.

"तुला कळलं होतं?" त्यांनी खाली बघत विचारलं.

"पोट ओढलंत तेव्हाच. म्हणून तर साहेबांचा विषय काढला. संतापलेल्या माणसाला पोट आत धरता येत नाही, भाऊ."

"आणि मी सरळ उभा राहिलो असतो तर?"

धाकट्याच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं. "तर बुडालोच असतो. सरळ उभं राहिलेल्या माणसाचा कोट मास्तरांनी हातातसुद्धा घेतला नसता." त्यानं हेडक्लार्कांचे दोन्ही हात हातात घेतले. त्याचे डोळे भरून आले होते, आणि त्यात थट्टेचा लवलेश नव्हता.

"पण तुमच्यावर माझा पुरता भरवसा होता."