रिकामा रकाना

गिर्यारोहकांच्या क्लबात त्याला सगळे पाल म्हणत, कड्याला तसाच चिकटायचा म्हणून. म्हणजे पूर्वी म्हणत. आता तोंडावर 'काका' आणि पाठीमागे काय, देव जाणे. गुडघे कुरकुरायला लागले तरी खडकाची पारख त्याच्याइतकी कुणाला नव्हती. म्हणून घराजवळचा वालुकाश्माचा कडा चढाईजोगा आहे का, हे बघायचं काम सेक्रेटरीबाईंनी त्याच्याच गळ्यात घातलं.

"काका, कडा चांगला निघाला तर दर रविवारी पोरं तुमच्याकडेच येतील. चहाचं आधण ठेवून बसा!"

ती सहज बोलून गेली. हा वेडा दुसऱ्याच दिवशी बारा कप घेऊन आला. बायको गेली, तीस वर्षं चढताना खालून त्याचा दोर धरणारा मेहुणा लेकीकडे दूरगावी राहायला गेला, आणि तेव्हापासून घरात बोलणारा फक्त रेडिओ. तोही आपलंच घोडं दामटणारा.

आठवडाभर तो कड्यावर गेला. दोर वरच्या झाडाला बांधायचा, हातोडीने खडक ठोकून आवाज ऐकायचा, किल्लीने ओरखडा काढून बघायचा. पाऊल उचलण्याआधी सवयीने ओरडायचा, "धरलंस?" मग 'धरलंय' म्हणायला मेहुण्याला जेवढा वेळ लागे तेवढा थांबायचा आणि चढायचा. क्लबाने दिलेल्या पाहणीच्या फॉर्मवर सगळीकडे 'उत्तम' लिहून झालं. 'दोर धरणाऱ्याचं नाव' हा रकाना तेवढा कोरा राहिला.

एक चाचणी मात्र तो टाळत होता. वालुकाश्म कोरडा असला की भला माणूस. पाणी प्यायला की त्याचं खरं रूप कळतं. क्लबातल्या तीन पिढ्यांना हे त्यानेच शिकवलं होतं. शनिवारी शेवटी मनाचा हिय्या करून त्याने सगळ्यात भक्कम पकडीवर, हाताने धरायच्या कंगोऱ्यावर, कॅनभर पाणी ओतलं. दगड ते घटाघटा प्यायला. तासाभराने त्याने भार दिला तर पकड भिजलेल्या बिस्किटासारखी हातात आली. दुसरीची, तिसरीची तीच गत.

पाऊस थांबल्यावर चार दिवस चढू नका, अशी पाटी लावता आली असती. पण पोरं पाट्या वाचत नाहीत, हे त्याला स्वतःवरूनच ठाऊक होतं. त्याला ते बारा कप आठवले. कड्याखाली बसून तो चक्क रडला. मग नाक पुसून त्याने सगळे 'उत्तम' खोडले, खाली 'अयोग्य' लिहिलं आणि फॉर्मचा फोटो पाठवून दिला.

संध्याकाळी सेक्रेटरीबाईंचा फोन आला.

"बरं झालं काका, वेळीच कळलं. आम्ही दुसरीकडे बघतो. पण दोर धरणाऱ्याचं नाव राहिलंय."

"झाडाला बांधला होता."

"म्हणजे एकटेच चढलात? या वयात? अहो, कुणाला तरी न्यायचं ना सोबत!"

"कुणाला?" त्याने साधेपणाने विचारलं, आणि उत्तराला जेवढा वेळ लागतो तेवढा थांबला.