बारा वाजायच्या आधी

मित्रांनो, मी एक जुना भोंगा आहे. पंपघराच्या गच्चीवर बसवलेला, हाताने फिरवायचा. अंगावर गंज चढला आहे, पण घसा अजून शाबूत आहे. कुणी दांडा फिरवला तर आजही मी सगळं शहर डोक्यावर घेईन.

आमचं शहर मोठं, नदीकाठी दाटीवाटीने वसलेलं. नदी बांधावरून आत येऊ लागली की मी थांबून थांबून तीन हाका द्यायच्या, यासाठीच मला घडवलं होतं. सुरुवातीला दर महिन्याला सराव होई. हाक ऐकली की लोक हातातलं काम टाकून शाळेच्या वरच्या मजल्यावर जात. म्हाताऱ्यांना खुर्चीत बसवून नेत. एकदा खरंच पाणी आलं, तेव्हा माणसं सगळी सुखरूप वर पोचली होती. त्या वर्षी मला नवा रंग मिळाला आणि मी जरा शेफारलोच.

पुढे बरीच वर्षं पाणी आलं नाही. जिने चढून लोकांच्या नाकी नऊ येऊ लागले. दुकानदार कुरकुरले, "गिऱ्हाईक सोडून कुठे पळायचं?" सराव बंद झाला. मी गंजू नये म्हणून मला रोज दुपारी बारा वाजता तशाच हाका देत वाजवायचं ठरलं. लोक माझ्या आवाजावर घड्याळं लावू लागले, डबे उघडू लागले. मला कोण आनंद झाला! आपला किती उपयोग होतो, असं वाटून मी फुगून गेलो.

मला फिरवायचा तो पंपचालक. त्याची धाकटी बहीण समोरच्या इमारतीच्या तळघरात शिवणकाम करायची. मी वाजलो की ती खिडकीतून ओरडायची, "दादा, जेवते रे! तूही जेव, नाहीतर बसशील पंपाशी बोलत!" सगळी गल्ली हसायची.

त्या दिवशी पावसाची झड लागली होती. बारा वाजायला थोडा अवकाश होता आणि बांध फुटला. दादा धावत गच्चीवर आला आणि त्याने दांडा धरला. तीन हाका, मग पुन्हा तीन. त्याचे हात सोलवटले. दांडा सोडला असता तर पलीकडच्या वस्तीला कळलं नसतं. तो मध्येच म्हणायचा, "तिला ऐकू गेलं असेल ना रे? गेलंच असेल. समोरच तर आहे." मीही जीव तोडून ओरडत होतो.

तिला ऐकू गेलं होतं. त्याच इमारतीत वर राहणाऱ्या काकूंनी नंतर रडत रडत सांगितलं. ती खालून हसून म्हणाली होती, "आज लवकर वाजला वाटतं! आणि किती वेळ! दादाला जोर चढलाय." काकूही हसल्या होत्या.

पाणी ओसरल्यावर दादा तळघरात उतरला. भिंतीवरचं घड्याळ चिखलाने भरून बंद पडलं होतं. काटे बरोबर बारावर होते. बारा वाजायच्या आधीच पाणी छतापर्यंत पोचलं होतं, हे साऱ्या गल्लीला ठाऊक होतं. खाली स्टूल आडवं पडलं होतं. जिना तिथून हातभर अंतरावर होता. पण ती स्टुलावर चढली होती, घड्याळ पुढे करायला. माझ्यावर तिचा तेवढा विश्वास होता.

आता दुपारी मला कुणी वाजवत नाही. महिन्यातून एकदा दादा तीन हाका देतो आणि स्वतः शाळेचा जिना चढतो. मागे थोडी माणसं येतात, बाकीची खिडकीतून बघतात. गच्चीवरून मला सगळं दिसतं आणि फार वाईट वाटतं.

मित्रांनो, तुमच्याकडेही माझ्यासारखा कुणीतरी असेल. त्याचं तेलपाणी करा, पण तेवढ्यावर थांबू नका. महिन्यातून एकदा जिना चढा, आईबाबांना हाताला धरून न्या. कंटाळा आला तरी न्या. आणि तो अवेळी ओरडला, तर घड्याळाकडे बघू नका रे. दाराकडे बघा.