सहा शब्द जास्त

"एकशे सदुसष्ट," सुवार्ताबाई म्हणाल्या आणि परातीतला शेवटचा चिंचोका त्यांनी बोटानं पलीकडच्या ढिगात सारला.

"पुन्हा मोज."

"अहो, तीनदा झालं. तिन्ही येळला तेवढंच भरलं."

"मग चौथ्यांदा मोज. पुस्तिकेत एकशे एकसष्ट लिवलंय. तेवीस साती एकशे एकसष्ट. सदुसष्टला कुठं भाग जातोय? सहा उरत्यात. हे सहा शब्द जास्तीचे आले कुठनं?"

सावळारामभाऊ खिडकीजवळच्या खुर्चीत ताठ बसले होते. छत्तीस वर्षं त्यांनी जमीन मोजणी खात्यात काढली होती. जुन्नर आणि आंबेगाव तालुक्यांत त्यांची मोजणीची साखळी पडली नाही असं शिवार क्वचितच असेल. बांधावर कुऱ्हाडी घेऊन उभे राहिलेले भाऊबंद, "सावळारामनं मोजलंय ना, मग ऱ्हाऊ द्या," असं म्हणत मागं सरायचे. आता त्यांच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू पिकला होता. उजव्याचं ऑपरेशन होऊनही बारीक अक्षर लागत नव्हतं. म्हणून गेली दोन वर्षं, सरकारी दवाखान्यातली नर्सची नोकरी संपल्यापासून, मोजायचं काम सुवार्ताबाईंकडे आलं होतं. एका शब्दाला एक चिंचोका.

या प्रकरणाची सुरुवात नगरच्या एका मेळाव्यात झाली. बाहेरगावच्या कुणा प्रचारकानं तिथं एक पातळशी पुस्तिका वाटली होती. बायबलचा नवा करार मुळात ज्या ग्रीक भाषेत लिहिला गेला, त्या भाषेत प्रत्येक अक्षर हा आकडाही असतो, असं तिच्यात लिहिलं होतं. मत्तयाच्या शुभवर्तमानाचा पहिला अध्याय कसाही मोजा, शब्द मोजा नाहीतर अक्षरं मोजा, सगळीकडे सातानं भाग जातो. एवढं जुळवून आणणं माणसाच्या हातचं नाही. तेव्हा लिहिणारा हात देवाचाच. चर्चच्या मंडळीतल्या बाकीच्यांनी पुस्तिका वाचून बायबलमध्ये ठेवून दिली. सावळारामभाऊंना ते जमलं नाही.

"दुसऱ्यानं केलेल्या मोजणीवर मी कवा सही केली न्हाई," ते म्हणाले, आणि चर्चमधल्या कपाटातून एका जुन्या गोऱ्या पाद्र्यानं मागं ठेवलेला ग्रीक नवा करार घरी घेऊन आले. वाळवीनं त्याच्या कडा कुरतडल्या होत्या. साठीच्या माणसानं आल्फा-बीटा पाठ केलं आणि भिंतीवर तक्ता लावला. सुवार्ताबाईंनाही बघून बघून अक्षरं ओळखू यायला लागली. एक अक्षर त्रिशुळासारखं होतं, एक मधोमध रेघ मारलेल्या अंड्यासारखं. एक तर अगदी झोळीच्या पाळण्यासारखं होतं. अर्थ काही कळत नव्हता, पण दुपारी दोघं समोरासमोर बसून काहीतरी करतायत, हेच त्यांना पुष्कळ वाटायचं. लग्नानंतरची तीसेक वर्षं तर हा माणूस डोंगरातच असायचा.

येशूच्या वंशावळीच्या कलमांशी त्यांची झटापट दोन वर्षं चालली होती. आता येशूच्या जन्माच्या आठ कलमांशी गाडं अडलं होतं. सहा शब्दांपायी सावळारामभाऊंचं जेवण कमी झालं. "येक तर पुस्तिका खोटी, न्हाई तर आपुन," एवढंच म्हणायचे आणि खिडकीबाहेर बघत राहायचे.

नाताळच्या आधीच्या आठवड्यात त्यांच्या चर्चचे चांगदेव पाळक पुण्याहून आले ते झेरॉक्सचे दोन कागद घेऊनच. चर्चची जबाबदारी घेण्याआधी ते दोन वर्षं ग्रीक शिकले होते.

"भाऊ, तुमचं कोडं सुटलं," चपला काढता काढता ते म्हणाले. "तुमचं पुस्तक जुन्या छापाचं आहे. नंतर विद्वानांना त्याहून जुनी हस्तलिखितं मिळाली. त्यांच्यावरून ही सुधारलेली प्रत निघाली. पुस्तिकावाल्यानं हिच्यावरून मोजलंय."

पाळक कागदावरून एकेक शब्द वाचू लागले. सुवार्ताबाई जुन्या पुस्तकात बोट सरकवू लागल्या. पहिल्याच कलमात एक बारकासा शब्द जास्त निघाला. पुढं बाविसाव्या कलमात आणखी एक. आणि अगदी शेवटच्या कलमात चार, जवळजवळचे.

"सहा!" सावळारामभाऊ उठून उभेच राहिले. "एक, एक आन् चार, सहा! बसलं! पाळकसाहेब, बसलं की वो!"

मोजणीच्या नकाशावरची चुकीची हद्द खोडायला ते लाल पेन्सिल वापरायचे. तसली एक त्यांनी फडताळातून काढली आणि पुस्तक डोळ्याजवळ धरून पहिले दोन शब्द खोडले.

"ह्या चार शब्दांचा अर्थ काय वो?" सुवार्ताबाईंनी विचारलं.

"त्यात दोन तर नुसती उपपदं आहेत, इंग्रजीतल्या 'द'सारखी," पाळक म्हणाले. "उरलेल्या दोनांचा अर्थ, 'तिचा, प्रथम जन्मलेला'. प्रोतोतोकोन. जुन्या छापात, मरीयेनं आपल्या प्रथम जन्मलेल्या मुलाला जन्म दिला, असं आहे. नव्यात नुसतंच, मुलाला. मुलगा जात नाही बाई. पहिला म्हणायचा शब्द तेवढा जातो."

"त्यो नका खोडू," सुवार्ताबाई नवऱ्याला म्हणाल्या.

"का?"

"नका खोडू म्हंते ना."

"अगं, त्यो मूळचा न्हाईच. मागनं कुनीतरी घातलाय. त्यो ठेवला तर मेळ कसा बसायचा?"

"लूकच्या शुभवर्तमानात तो शब्द आहेच," पाळक समजुतीनं म्हणाले. "तिथून कुणी काढलेला नाही."

पण तोवर सावळारामभाऊंनी रेघ ओढलीसुद्धा होती. सुवार्ताबाईंनी चिंचोके परातीत गोळा केले आणि परात घेऊन त्या आत गेल्या. चहा त्यांनी पाठवला, पण बाहेर आल्या नाहीत. पाळकांना वाटलं, जुन्या ग्रंथावर पेन्सिल चालवलेली बाईंना आवडली नाही.

चौसष्ट सालची गोष्ट. सुवार्ताबाई तेविसाव्या वर्षी मिशनच्या दवाखान्यात बाळंत झाल्या. मुलगा झाला. तेरा तास जगला. सावळारामभाऊ तेव्हा आहुप्याच्या डोंगरात मोजणीला होते. निरोप जायला एक दिवस लागला आणि पायी यायला एक. ते आले तेव्हा मंडळीतल्या थोरांनी मूल पुरून टाकलं होतं. ते खाटेपाशी उभे राहिले, म्हणाले, "जेवलीस का?" मग दाराची कडी ढिली झाली होती, ती बसवत बसले.

त्यानंतर त्या मुलाचा विषय त्यांनी काढला नाही. पाच वर्षांनी अश्विनी झाली, शिकली, नारायणगावला सासरी गेली. कुणी मुलंबाळं विचारली की सावळारामभाऊ सांगायचे, "येक मुलगी." सुवार्ताबाई शेजारी उभ्या असायच्या. दर वेळी त्यांच्या मनात आकडा दुसराच यायचा, पण त्या गप्प राहायच्या. माणसाचं दुःख माणसाला पेलेल तसं पेलू द्यावं, हे त्या दवाखान्यात शिकल्या होत्या. त्यांची समजूत एवढीच होती, की ह्यांनी तो आकडा खोडलेला नाही, फक्त बोलत नाहीत.

लाल रेघ बघितल्यापासून ती समजूत डळमळली.

जानेवारीच्या पहिल्या रविवारी उपासनेनंतर सावळारामभाऊंनी मंडळीसमोर फळ्यावर मोजणी मांडली. कोट घालून गेले होते. एकशे एकसष्ट भागिले सात असं त्यांनी ठळक अक्षरात लिहिलं. लोक खूश झाले. चिमाजी नावाचा एक म्हातारा शेतकरी तेवढा मागून म्हणाला, "भाऊ, पन आपल्या कपाटातल्या पुस्तकात जास्तीचे भरले म्हंता, ते कुठं गेले?"

"ते खोडले."

"मोजनीवाल्यानं दगूड उचलून हद्द जुळवावी तसं न्हाई ना झालं?"

सगळे हसले. सावळारामभाऊही हसले, पण खाली बसताना त्यांनी बायकांच्या बाजूला नजर टाकली. सुवार्ताबाई हातातल्या गीतांच्या पुस्तकाकडे बघत होत्या.

घरी दुपारची बैठक बंद पडली. दुसऱ्या अध्यायाचं नाव निघालं की, "डोळं दुखत्यात," असं त्या सांगायच्या. त्यांचे डोळे चांगले होते, हे दोघांनाही माहीत होतं.

फेब्रुवारीत जनगणना आली. शाळेतल्या दिलशाद मॅडम मोठा कागद आणि कागदाखाली धरायचा पुठ्ठा घेऊन दारात आल्या. त्यांची दोन्ही बाळंतपणं सुवार्ताबाईंच्याच हाताखाली झाली होती, त्यामुळे आधी पाणी झालं, चौकशा झाल्या, मग कागद उघडला. घर कौलारू की पत्र्याचं, धर्म कोणता, शिक्षण किती, सगळी उत्तरं सावळारामभाऊ देत होते, मोजणीवाल्याच्या नेटक्या आवाजात.

"आता नर्सबाईंचं. मुलं किती?"

"येक. मुलगी. नारायनगावला दिलीय."

"भाऊ, यात दोन रकाने आहेत. हयात किती आणि आजवर जन्मलेली एकूण किती."

"दोन्हीकडं येकच लिवा."

"दोन," सुवार्ताबाई म्हणाल्या.

त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या. आवाज चढला नव्हता. लस टोचताना पोराच्या आईला वय विचारायच्या, तसाच होता.

"हयात येक मुलगी. जन्मल्याली दोन. येक मुलगा, येक मुलगी. मुलगा पयला."

दिलशाद मॅडमचं पेन थांबलं. त्यांनी सावळारामभाऊंकडे पाहिलं. "भाऊ, लिहू ना?"

सावळारामभाऊ आपल्या तळव्यांकडे बघत राहिले. साखळी ओढून ओढून पडलेले घट्टे अजून गेले नव्हते.

"तिला इचारा," शेवटी ते म्हणाले. "ती म्हंती त्ये लिवा. म्या त्या येळला जाग्यावर नव्हतो."

मॅडमनी लिहिलं. उठताना त्यांना राहवलं नाही. "नाव काय होतं, बाई?"

"ठेवलं नव्हतं. तेवढा टायम मिळाला न्हाई."

मॅडम गेल्या. दारावर खडूनं घराचा नंबर टाकून गेल्या. सुवार्ताबाई उठून चुलीकडे निघाल्या, तेवढ्यात मागून आवाज आला.

"रडला व्हता का?"

त्या थांबल्या. सदतीस वर्षांत हा प्रश्न त्यांना कुणीच विचारला नव्हता. त्यामुळे उत्तर कुठं ठेवलंय ते आधी शोधावं लागलं.

"येकदाच. पन लई जोरात."

"माझी आई हाक मारायची तसं जोरात?"

"तसंच."

सावळारामभाऊंनी मान हलवली. मग म्हणाले, "मी आलो तवा सगळी म्हनली, झालं ते झालं, आता बोलून बाईचं दूध न्हाई आटायचं. तुला तरास हुईल म्हून म्या त्यो इषय काढला न्हाई कवा. मंग पुढं काढता येईनाच."

"मला वाटलं, तुमी इसरला."

"इसरायला आधी बघावं लागतं," ते म्हणाले. "म्या बघितला कुठं?"

दुसऱ्या दिवशी सकाळी दोघं पाळकांकडे गेली. मिशनच्या कबरस्तानाला कुलूप असायचं आणि किल्ली पाळकांकडे. किल्ली देताना चांगदेव पाळकांनी विचारलं, "भाऊ, दुसरा अध्याय कधी घेताय? मंडळी विचारतायत."

"न्हाई घेत, साहेब."

"का? मोजणी चुकली का?"

"मोजनी चुकली न्हाई. तुमची नवी प्रत खरी आसंल. सात बी खरा आसंल. देवाचं देवाला म्हाईत. पन त्यो शब्द खोडायच्या आधी म्या हिला इचारायला पायजे व्हतं. ही नका म्हनत व्हती. मंडळीला मीच सांगतो रविवारी."

पाळकांना सगळंच कळलं असं नाही. पण त्यांनी किल्ली भाऊंच्या हातात ठेवली.

कबरस्तानात गवत वाळून पिवळं झालं होतं. संगमरवरी क्रूसांच्या रांगा ओलांडून सुवार्ताबाई न चुकता पूर्वेच्या भिंतीकडे चालत गेल्या आणि सीताफळीच्या अलीकडे थांबल्या.

"हितं."

तिथं काहीच नव्हतं. दगड नाही, उंचवटा नाही, बाजूच्यासारखीच जमीन.

"खुनंचा दगूड?" सावळारामभाऊंनी सवयीनं विचारलं. "खुनंबिगर कसं सापडतं तुला?"

"दर वर्साला येते मी. लसीच्या फेरीला जाते म्हून सांगायची तुमाला."

त्यांनी एकदा भिंतीकडे पाहिलं, एकदा झाडाकडे. नजरेनं ते अंतर धरू लागले होते, हे सुवार्ताबाईंना कळलं. मग त्यांनी ते सोडून दिलं. चपला काढल्या, काठी बाजूला ठेवली आणि गुडघ्यांवर हात टेकत, हळूहळू मातीत बसले.

"केस व्हते का गं?"

"लई. काळे. कपाळावर आल्याले."

"आन् बोटं?"

"लांब. तुमच्यासारखी."

ऊन भिंतीवरून चढून त्यांच्या ऑपरेशनच्या डोळ्यावर येत होतं. त्यांनी डोळे मिटले नाहीत. सुवार्ताबाई दोन पावलं सरकल्या, आपली सावली त्यांच्या चेहऱ्यावर पडेल अशा उभ्या राहिल्या आणि मुलाचे कान कसे होते ते सांगू लागल्या.