शेवटच्या तीन सेकंदांचा रकाना

दोनशे बारा.

चेन अडकणारी निळी बॅग.

ताईचा फोन: "ह्यांचा गुडघा आता ठणठणीत आहे, एवढं तिथे कुणाच्या तरी कानावर घाल."

क्लबातल्या गळक्या कॉफीच्या मशीनखाली फडक्याचा बोळा, कायम ओला.

दाजींचा जुना धडा: "चोवीस सेकंदांत चेंडू बास्केटकडे मारला नाही, तर तो समोरच्यांचा. एवढं पाठ कर, बाकी खेळ आपोआप कळेल."

एकोणचाळीस.

हे सगळं एकाच माणसाच्या डोक्यात घोळत होतं. व्यावसायिक बास्केटबॉलच्या त्या क्लबात तो खेळाडूंचे आकडे ठेवायचा, म्हणून त्याला आकडेवाला म्हणत. पुढच्या मोसमाच्या बारा जणांपैकी अकरा नावं फळ्यावर लागली होती. बाराव्या जागेसाठी दोघे उरले: एक तेविशीतला डावखुरा आणि दुसरे छत्तिशीतले दाजी, म्हणजे आकडेवाल्याच्या ताईचे नवरे. तो दाजी म्हणतो म्हणून अख्खा संघच त्यांना दाजी म्हणू लागला होता, डावखुरासुद्धा.

दाजींनी मोसमात दोनशे बारा शॉट मारले, त्र्याऐंशी आत गेले. एकोणचाळीस टक्के. डावखुऱ्याचे सेहेचाळीस.

पण आकडेवाल्याने सगळ्या सामन्यांचे व्हिडिओ पुन्हा बघून एक नवा रकाना भरला होता: शॉट मारताना चोवीस सेकंदांच्या घड्याळात किती सेकंद उरले होते? त्यातून भलतंच निघालं. संघातली मंडळी महाबिलंदर. वेळ संपत आली, समोर दोन हात आडवे आले, की आपला टक्का कशाला खराब करा म्हणून चेंडू दाजींकडे ढकलून मोकळी व्हायची. दाजी कधी नको म्हणत नसत. शेवटच्या तीन सेकंदांत असे गळ्यात पडलेले शॉट नव्वद. त्यातले एकवीस आत. ते वगळले तर दाजी पन्नासच्या वर! डावखुऱ्याच्या वाट्याला असे शॉट साऱ्या मोसमात सात.

छापलेला कागद निळ्या बॅगेत होता. बॅग त्याच्या दोन पायांमध्ये. बैठक सुरू.

"सेहेचाळीस आणि एकोणचाळीस," सहप्रशिक्षक म्हणाले. "यात वाद कसला?"

"दाजी कोर्टवर असले की पोरं घाबरत नाहीत," मुख्य प्रशिक्षक म्हणाले. "ते कुठल्या टक्क्यात मोजायचं?"

"धीर तर माझे आजोबाही देतील. घ्यायचं का त्यांना?" हशा पिकला. "आणि हे बघा, मेहुण्याला मध्ये घेऊ नका. घरी जेवायला मिळायचं नाही बिचाऱ्याला."

आकडेवाल्याचे कान तापले. कागद काढावा, तर 'वा, घरच्या माणसासाठी खास रकाना!' हे वाक्य त्याला आधीच ऐकू येत होतं.

"आकडा आहे तो आहे," तो म्हणाला. "नात्याचा विषय माझ्याकडून नको."

त्या क्षणी स्वतःचा आवाज त्याला फार रुबाबदार वाटला. पुढे त्याला सगळ्यात जास्त लागलं ते हेच.

फळ्यावर बारावं नाव डावखुऱ्याचं लागलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी तो ताईकडे गेला. दाजी उकिडवे बसून कपाटाच्या दाराचा स्क्रू आवळत होते.

"ये, आकडेबहाद्दर. तोंड का पाडलंयस? काढलंय मला, तुला नाही."

"दाजी, तो आकडा..."

"बरोबरच आहे तो. मला काय कळत नव्हतं? रोज सरावानंतर शंभर जादा मारायचो, तरी एकोणचाळीसच." त्यांनी उजवा तळहात उघडून बघितला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा. "हात गेला रे माझा. गुडघ्याचं निमित्त. खरं म्हणजे हात गेला."

आकडेवाल्याने तोंड उघडलं. सांगायचं तर हेही सांगावं लागणार, की कागद तेव्हाही जवळच होता. त्याने खाली पडलेला एक स्क्रू उचलून दाजींना दिला.

आतून ताईने विचारलं, "काय रे, गुडघ्याचं बोललास ना तू तिथे?"

"बोललो."

"मग झालं. तुझ्या हातात होतं तेवढं तू केलंस."

दाजींनी दार दोनदा उघडलं, लावलं. आता ते कुरकुरत नव्हतं. "बघ," ते म्हणाले, "हे तरी जमलं," आणि त्याच्या पाठीवर थाप मारली.

बैठक संपवताना मुख्य प्रशिक्षकांनी पेनाला टोपण लावण्याआधी दोन वेळा विचारलं होतं, "अजून कुणाला काही सांगायचंय?"